आवाज सुधारण्याचा स्वस्त उपाय

चार विटा, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

कुकरची शिट्टी.

बोटांना बांधलेला रुमाल. त्यावर लाल ठिपका, वाढत जाणारा.

काडेपेटीएवढी काळी डबी. एक वायर कॉम्प्युटरला, दोन स्पीकरला.

फरशीवर पडलेलं कानातलं. त्याला चिकटलेली कातडी.

तंबोरा.

रविवार. मुलुंडच्या आपल्या घरात शौनक खुर्चीत ताठ बसला होता. खुर्ची हलवायची नाही, मानही नाही. दोन स्पीकर आणि त्याचं डोकं, असा बरोबर त्रिकोण झाला पाहिजे. स्पीकर जुने, लॅमिंग्टन रोडवरून उचललेले. विटांवर चढवल्यापासून ते कानाच्या उंचीला आले होते. डबीमुळे खरखर गेली होती. पण खरा फरक पडला तो गोधडीने. शेजारचा राजेश म्हणाला होता, "पैसे मशीनमध्ये घालू नको रे. भिंत आवाज परत फेकते. तिला आधी गप्प कर." जाडजूड गोधडी त्यानेच आणून दिली. दोन घरांमधल्या पातळ भिंतीवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, खिळेही त्यानेच ठोकले.

आता गाणारी बाई तान घेण्याआधी श्वास घेते, तोसुद्धा ऐकू येत होता. शौनकच्या अंगावर काटा आला.

बेल.

दारात राजेश. बनियन, घाम, छाती वरखाली. उजव्या हाताला रुमाल.

"झकास वाजतंय रे! एक नंबर. जरा मोठं कर ना."

"तुम्हाला त्रास नाही ना होत?"

"त्रास कसला? आपण कानसेन माणसं. कर मोठं, आमच्याकडेपण येऊ दे."

"हाताला काय झालं?"

"कपाट सरकवत होतो. हलेचना साला."

शौनकने आवाज मोठा केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी दाद दिली होती. नीला, त्याची बायको, म्हणायची की मोबाइलवरपण तेच गाणं वाजतं.

तो परत खुर्चीत बसला. डोळे मिटले. उघडले.

गोधडी हलत होती. मधोमध, खालच्या बाजूला. एक धक्का. मग थांबून दुसरा. मग लागोपाठ दोन.

"नीला! ये, लवकर ये! बेस बघ कसा येतोय! गोधडी हलतेय!"

नीला स्वयंपाकघरातून आली, हाताला कणीक. तिने गोधडीकडे पाहिलं. मग स्पीकरकडे.

"ह्यात ढोल कुठाय?"

"काय?"

"तंबोरा आणि एक बाई. दुसरं काय वाजतंय ह्यात? ढोल कुठाय, शौनक?"

"अगं, खालचे सूर असतात ना, ते—"

तिने बटण बंद केलं.

गाणं थांबलं. गोधडी थांबली नाही.

नीलाने गोधडी दोन्ही हातांनी खेचली. खिळे पोपड्यांसकट निघाले, एक तिच्या तळव्यात घुसला. मग आवाज खोलीत आला. दगडावर नारळ आपटावा तसा. न फुटणारा नारळ. पुन्हा. पुन्हा.

शौनक अजून खुर्चीतच होता. नीलाने स्पीकरखालची वीट ओढली, स्पीकर तोंडावर पडला, ती बाहेर गेली आणि शेजारच्या दारावर विटेनेच ठोकलं.

राजेशने दार उघडलं. चेहऱ्यावर हसू.

"बंद का केलंत, वहिनी? ऐकत होतो आम्ही."

वीट त्याच्या तोंडावर बसली. तो चपलांच्या रॅकवर कोसळला, रॅकला धरून उठायला लागला, तिने पुन्हा मारली. एक दात फरशीवरून घरंगळत सोफ्याखाली गेला. राजेशने तिचा पाय धरला, पिरगाळला. ती त्याच्या अंगावर पडली आणि पडल्या पडल्या तिने वीट वर उचलली.

"नीला, मरेल तो!" शौनक दारात येऊन ओरडला.

"मरू दे की!"

तिने मारली. वीट दुभंगली. राजेशची पकड सुटली. तो घोरल्यासारखा श्वास घेत पडून राहिला.

आत राजेशची बायको श्वेता भिंतीला टेकून बसली होती. हात पाठीमागे, इस्त्रीच्या वायरने बांधलेले. एक कान फाटलेला. डोक्यामागे भिंतीवर ओला, वाटोळा डाग. अजून ती डोकं मागे नेत होती, आपटत होती. नीलाने मध्ये हात घातला. डोकं तळव्यावर आदळलं, खिळा घुसला होता त्याच तळव्यावर.

"बस गं. आलो आम्ही. बस."

शौनक वायरची गाठ सोडवायला बसला. गाठ सुटेना.

"भावजी," श्वेता म्हणाली. शब्द सुजलेल्या ओठांतून एकेक करून येत होते. "हात बांधलेले ना. म्हणून डोकं. तो म्हणाला, आपट. आता कोणी ऐकत नाही."

"मला वाटलं," शौनक म्हणाला, "बेस येतोय."

नीलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने वायर स्वतःच्या दातांत धरली आणि ओढली.

शनिवारी सकाळी श्वेताने जिन्यात शौनकला विचारलं होतं, उद्या गाणी किती वाजता लावणार, तेवढा वेळ मी बाहेर जाईन म्हणते. त्याने वेळ सांगितली होती, आणि राजेशलाही सांगा म्हणाला होता.