वेगळी खाट

तिसऱ्या किमोनंतर वच्छलाचे केस गेले, तोंड आतून सोलून निघालं. तशात नवऱ्यानं, लटारूनं, तिची खाट उचलून गोठ्याजवळच्या पडवीत नेऊन टाकली. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा. "तिच्या छातीचा रोग लागते," असं तो गावभर सांगत फिरे आणि पडवीजवळून जाताना तिच्यापासून अंग चोरून जाई.

गावातली आशा सेविका दिव्यानी उलटीच्या गोळ्या द्यायला आली आणि तिची ती अवस्था पाहून भडकलीच.

"वच्छलाबाई, नवरा हाये का वैरी हाये हा? शिवल्यानं कॅन्सर होत नाई, एवढंबी समजत नाई त्याले? थांबा, आत्ताच बोलावते अन् चांगली झाडते!"

ती तरातरा निघाली, तसा वच्छलानं सुया टोचून काळ्यानिळ्या पडलेल्या हातानं तिचा पदर घट्ट धरला. बोलताना तोंडातली आग डोळ्यांत उतरली, तरी ती बोलली.

"ताई, पाया पडतो, त्याले काई सांगू नका. रोग लागते असंच समजू द्या...


लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी मार न खाता जगून राह्यली."