रविवारची तीन वाक्यं

व्हेरोनिकाने वही पुन्हा उघडली. वाक्यं तीच होती.

'ऑन संडे माय फादर विल पुश माय मदर. माय मदर विल फॉल. शी विल नॉट गेट अप.'

आज शनिवार. शाळा साडेअकरालाच सुटली होती आणि सहावीच्या वर्गात ती एकटीच वह्या तपासत बसली होती. सोमवार ते बुधवार तिने भूतकाळ घेतला होता आणि मुलं रूपं पाठ करून रडकुंडीला आली होती. म्हणून गुरुवारी भविष्यकाळ घेताना ती म्हणाली होती, "हा सगळ्यात सोपा. विल लावा, क्रियापदाला हातही लावू नका." मग 'रविवार' या विषयावर तीन वाक्यं लिहून आणायला सांगितली. कुणी चर्चमध्ये मिस्साला जाणार होतं, कुणी कळंबच्या समुद्रावर. जेसनचे पप्पा मटण आणणार होते.

ही वही ज्ञानदाची होती. पोरगी गुरुवारीच शाळेत आली होती. आधीचे तीन दिवस ताप होता म्हणाली.

व्हेरोनिकाला नोकरी लागून सात महिने झाले होते. ज्ञानदाच्या आईला, वसुंधराला, तिने एकदाच पाहिलं होतं, पालकसभेत. मनगटावरचा काळानिळा डाग पदराखाली घेत ती म्हणाली होती, "टीचर, हिला इंग्रजी आलं पाहिजे. मग हिचं कुठे अडायचं नाही."

व्हेरोनिकाने वही पिशवीत टाकली आणि सायकल काढली. वसुंधराला एकटीला गाठायचं आणि आजच्या आज माहेरी जा म्हणून सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. भुईगावच्या अरुंद गल्लीत तिचा पाय दोनदा पॅडलवरून घसरला.

वाडीच्या तोंडाशी ट्रक उभा होता. ज्ञानदाचा बाप जयवंत हात हलवून ड्रायव्हरला मागे घेत होता. केळींना पाणी देणाऱ्या जुन्या तळ्यात, बावखलात, मातीची खेप पडली. शेजारच्या दोन वाड्यांतली बावखलं गेल्या वर्षीच बुजली होती आणि तिथे बंगल्यांचे पाये खणले जात होते.

"या टीचर," जयवंत म्हणाला. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसले. "इकडे कुठे?"

"वसुंधराताई आहेत का?"

"माहेरी गेलीय. केळव्याला."

"कधी येतील?"

"येईल सोमवार-मंगळवारी. भावाकडे काहीतरी कार्य आहे."

म्हणजे उद्या ती इथे नसणार. व्हेरोनिकाने मनातल्या मनात क्रूसाची खूण केली.

"काम काय होतं?"

"अभ्यासाचं. सावकाश बोलेन त्यांच्याशी."

"माझ्याशी बोला की. मी बापच आहे तिचा." त्याची नजर पिशवीतून वर आलेल्या वहीवर गेली. "तिचीच ना? बघू."

नाही म्हणायला तिला कारण सुचलं नाही. त्याने वही घेतली, अंगठ्याने पानं उलटली. शेवटच्या पानावर तो थांबला. व्हेरोनिकाने सायकलचं हँडल घट्ट धरलं. ट्रकचं इंजिन बंद झालं होतं.

"अक्षर बरं आहे," तो म्हणाला. "मला नाही वाचता येत हे. काय लिहिलंय?"

"रविवारबद्दल," ती म्हणाली. "सुट्टीत काय काय करणार, ते."

"बरोबर आहे?"

"थोड्या चुका आहेत."

"मग दुरुस्त करून घ्या टीचर. चुकीचं लिहायची सवय लागायला नको." त्याने वही परत दिली आणि घराकडे वळून हाक मारली. "ज्ञानदा, टीचरना रस्त्यापर्यंत सोड."

पोरगी बाहेर आली. तिने युनिफॉर्म अजून बदलला नव्हता. दोघी सायकलच्या दोन बाजूंनी चालू लागल्या. ट्रक दिसेनासा झाल्यावर व्हेरोनिकाने सायकल थांबवली. मग ती खाली वाकली.

"घाबरू नकोस हं. आई केळव्याला आहे. उद्या ती इथे नसणार, म्हणजे तू लिहिलंयस तसं काही होणार नाही. सोमवारी मी स्वतः जाऊन तिला भेटते. तोवर हे कुणाला बोलू नकोस."

ज्ञानदाने वहीकडे बघितलं.

"टीचर, माझी वाक्यं चुकली?"

"नाही गं. एकही नाही."

"मला वाटलं चुकली. मी गेल्या रविवारचं लिहिलंय. फॉलचं भूतकाळातलं रूप मला येत नव्हतं, म्हणून विल लावलं."