व्याह्याचं गाणं

नातीच्या हळदीत सुभद्राबाईंनी आपल्या आईचं गाणं म्हटलं, तो व्हिडिओ इंटरनेटवरून उडाला. म्हणे, गाणं म्युझिक कंपनीच्या मालकीचं! त्या कंपनीच्या साहेबाला चहा पाजून बाईंनीच तर ते ऐकवलं होतं, त्याने ते फोनवर रेकॉर्ड करून नेलं होतं.

महिन्याने साहेब पुन्हा हजर. "मावशी, आणखी एखादं अस्सल अहिराणी?"

बाई गोड हसल्या आणि खड्या आवाजात गायल्या. अहिराणीचं अक्षरही न कळणारा साहेब डोलला. "वा! अर्थ काय हो?"

"पाहुण्याचं कौतुक, भाऊ."

कंपनीने ते जाहिरातीला लावलं. अख्खा खानदेश पोट धरून हसला. लग्नात व्याह्याला गाऊन द्यायची ती शिवी होती: जेवायला बोलावला, ताटच घेऊन पळाला!

साहेबाचा रडवेला फोन आला. "मावशी, तेवढं गाणं मागे घ्या हो!"

"मी कोण घेणारी, भाऊ? मालक तुम्ही!"