अडीच गोल

"अर्धा गोल कसा होईल, सिउभाऊ?" पेजेच्या पातेल्यात डाव फिरवत फोंगने विचारलं.

टॅक्सीवाला सिउ रोज सकाळी तिच्याच दुकानात पेज खायचा. आज स्वारी खुशीत होती. काल फुटबॉलच्या सट्ट्यात अडीच गोलांवर 'मोठं' लावलं होतं म्हणे, आणि लागलं.

"अहो वहिनी, अर्धा गोल होतच नाही, म्हणून तर अडीच धरतात. दोन्ही संघांचे मिळून तीन किंवा जास्त झाले की 'मोठं'वाले जिंकले. दोनवर थांबलं की 'छोटं'वाले. मधलं काही नाही."

"आणि सामना कोण जिंकलं?"

"कुणी का जिंकेना! आपल्याला काय त्याचं? सामना संपल्यात जमा असतो हो, पण शेवटच्या मिनिटाला एक गोल..." सिउने एकदम वाडग्यात मान घातली.

फोंगचा हात थांबला होता. काल गोलात तिचा मुलगा उभा होता, कीत. त्याचा संघ दोन-शून्यने मागे होता, आणि खेळ संपता संपता जमिनीवरून घरंगळत आलेला एक साधा चेंडू त्याच्या हातांतून निसटला. फोंगने ते फोनवर पाहिलं होतं. घरी आल्यावर तिनेच त्याची समजूत काढली होती. हरलेल्याच सामन्यात आणखी एका गोलाने काय बिघडतं?

"मी कीतचं नाव घेतलं नाही हं, वहिनी."

"मी तरी कुठे घेतलं?"

सिउने पेज अर्धी टाकली आणि तो टॅक्सीकडे गेला.

थोड्या वेळाने कीत माळ्यावरून खाली आला. फोंगने त्याच्यापुढे वाडगा ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली.

"काल चेंडू निसटला कसा रे?"

"ओला होता."

"पाऊस कुठे होता काल?"

"गवतावर पाणी मारतात, आई."

मारतही असतील. फोंगला ते खरं असावं असं फार वाटलं.

"अडीचच्या वर गेलं म्हणे," ती म्हणाली.

काय अडीच, असं कीतने विचारलं नाही. त्याने दाराकडे पाहिलं.

"हळू बोल ना."

फोंगने हात पुसले. दारात आलेल्या दोघा गिऱ्हाइकांना तिने खुणेनेच थांबवलं आणि ऐन गर्दीच्या वेळी शटर खाली ओढलं. मग ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"आता बोल. चेंडू सोडायला सांगणारे कोण होते ते?"

कीत चमच्याने पेज ढवळत राहिला. बाहेरून कुणीतरी शटरवर थाप मारली. तो एवढा दचकला, की चमचा हातातून खाली पडला.

"गिऱ्हाईक असेल," फोंग उठत म्हणाली.

"आई," त्याने तिचा हात धरला, "आधी फटीतून बघ."