साखर-मिठाच्या बाटल्या

मित्र आणि मी दर रविवारी कालव्याकाठी लांब पल्ल्याचं धावायचो. वाटेत अंगातली ताकद सरू नये म्हणून त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शनिवारी संध्याकाळीच साखर-मीठ-लिंबू घातलेल्या पाण्याच्या बाटल्या झाडांमागे ठेवून यायच्या. "तहान लागायची वाट बघत बसू नका," अशी दोघांनाही ताकीद असायची.

मित्र एका दुपारी ऑफिसच्या जिन्यात बसला, तो उठलाच नाही. पुढे एका शनिवारी वहिनींनी विचारलं, "भावजी, तुम्ही उद्या धावायला जाणार ना?" माझ्या तोंडून "हो" निघून गेलं, आणि त्या बाटल्या भरायला आत गेल्या.

मला काही धावणं जमलं नाही. बूट घालायचो आणि पलंगावर बसून राहायचो. पण भरलेल्या बाटल्या पाहून वहिनींनी विचारलं असतं, तर काय सांगणार होतो? म्हणून दर रविवारी स्कूटर काढतो, एकेका झाडापाशी थांबतो, पाणी मुळाशी ओततो आणि रिकामी बाटली होती तिथेच ठेवतो. सोमवारी वहिनी त्या गोळा करून आणतात. वर्ष होत आलं. धावणं कसं चाललंय, हे त्या विचारत नाहीत आणि मीही सांगत नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. बाटल्या विसळता विसळता, मागे वळूनही न बघता त्या म्हणाल्या,



"भावजी, या शनिवारपासून साखर घालत नाही हं. झाडांना फार मुंग्या लागल्यात."