निळ्या दाराशी गोपद्मं

मुलगी जाई स्पेनला असते. चातुर्मासात तिच्या नावाची गोपद्मं, गाईची पावलं, मीच आमच्या कोपरखैरण्याच्या उंबऱ्याशी रांगोळीने काढते. या वशाच्या कहाणीत स्वर्गातले मृदंग फुटतात आणि ते मढवायला वसा नसलेल्याच्या पाठीचं कातडं शोधत दूत निघतात.

एका सकाळी कुकरच्या शिट्टीने दचकले नि शेवटचं पाऊल वाकडं उमटलं.

दुपारी जाईचा फोन. उद्या बसने डोंगरातलं पांढऱ्या घरांचं गाव बघून संध्याकाळी परत. तिने नेटवरचे फोटो पाठवले.

एका बंद निळ्या दाराशी गोपद्मं होती. शेवटचं पाऊल वाकडं.

"फोटो कधीचा गं?"

"जुना आहे, चारेक वर्षांपूर्वीचा. का?"

"नको जाऊस तिकडे."

"अगं आई, टेन्शन नको घेऊ. तिकीट काढलंय!"

दुसऱ्या दिवशी देवाची क्षमा मागून मी नेम मोडला. इथे पावलं नसली, तर तिथलं दारही तिला सापडणार नाही, असं वाटलं.

दुपारी जाईने फोटो पाठवला. निळं दार. उंबरा स्वच्छ पुसलेला. दार सताड उघडं.

खाली लिहिलं होतं, "आई, आत एकजण फुटका मृदंग घेऊन बसलाय. स्पेनमध्ये मृदंग! हसून बोलावतोय. बघून येते."