सर्वांत अवघड काय गेलं?

"या टेबलाभोवती आता कुणी साहेब नाही आणि कुणी कैदी नाही!" प्राध्यापकांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं.

शिपायाने आत डोकं घातलं. "साहेब, त्या कैद्याच्या चहात साखर घालू ना?"

"घाला की," विणकरकाकाच म्हणाले.

काकांनी अर्धं आयुष्य तुरुंगात काढलं. सतरंज्या विणायलाही तिथेच शिकले, म्हणून हे नाव. सुटलेल्या कैद्यांवरच्या संशोधनाला आता त्यांचा सल्ला हवा होता. सकाळी ते बंद दाराबाहेर कितीतरी वेळ उभे होते. शेवटी शिपायाने दार उघडून आत घेतलं आणि मनात म्हटलं, काय ही शिस्त! सल्ला म्हणजे नेमकं काय द्यायचं, हे काकांना कळत नव्हतं. पण मुलीने सासूला फोन करून सांगून टाकलं होतं, "बाबा विद्यापीठात लागले." आता जमलं नाही तर नाक तिचं कापलं जाणार.

"सुटल्यावर सर्वांत अवघड काय गेलं?" संशोधक मॅडमनी विचारलं.

काका गोंधळले. मुलीच्या घरी त्रास असा काहीच नव्हता. पोरगी जिवापाड जपायची. घरातली सगळी दारं दिवसभर सताड उघडी ठेवायची. वाऱ्यासाठी असावं.

"तसं काही नाही."

प्राध्यापकांचा चेहरा पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा झाला. "अहो, आठवा जरा! अपमान, एकटेपणा, रागबिग?"

"रागबिग नाही. जेवण जरा जास्त होतं."

"बरं. कळवू."

'कळवू'चा अर्थ काकांना समजला. तो सगळीकडे सारखाच असतो. बाकीची मंडळी जेवायला गेली. दार आपोआप मिटलं.

मॅडम कागदपत्रं आवरून निघाल्या, तर काका दाराशी, हात पाठीमागे बांधून. मॅडमच्या दोन्ही हातांत फायली. काका दार उघडतील म्हणून त्या थांबल्या. काकाही थांबले. कोण कुणासाठी थांबलंय, हे दोघांनाही उमगेना.

"काका, कुलूप नाहीये त्याला."

"हो, मगाशीच पाहिलं."

"मग?"

काकांनी मान वळवून पाठीमागच्या आपल्याच हातांकडे पाहिलं. हात काही पुढे येईनात. कधीपासून येत नव्हते, तेही आठवेना.

"मॅडम," ते ओशाळून म्हणाले, "मुलगी खाली थांबलीय. तेवढं दार उघडता का?"